मरणोत्तर दानाची परिभाषा : एक भाषिक परीक्षण

कायद्याची परिभाषा आणि समाजाची बोली यांत अंतर असणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या कायद्याची अंमलबजावणी शोकाकुल कुटुंबाच्या एका होकारावर अवलंबून असते, तेथे हे अंतर केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही. 'देहदान', 'अवयवदान', 'मेंदूमृत', 'बेवारस' हे शब्द आज मराठीत सर्रास रूढ आहेत. ते ज्या विधानांचा अर्थ सांगण्यासाठी वापरले जातात त्या विधानांशी ते कितपत प्रामाणिक आहेत, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम दोन कायद्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. शरीररचनाशास्त्राच्या अध्ययनासाठी प्रेते मिळावीत म्हणून मुंबई राज्याने १९४९ मध्ये शरीररचनाविषयक कायदा केला. त्या वेळी औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मूळ कायदा हक्क न सांगितल्या गेलेल्या प्रेतांपुरता होता. स्वेच्छेने दिलेल्या देहाचा समावेश त्यात मागाहून झाला. दुसरा कायदा मानवी अवयव प्रतिरोपणाचा. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या ठरावांवरून संसदेने तो १९९४ मध्ये संमत केला, ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो येथे लागू झाला आणि २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही अंतर्भाव झाला. पहिल्याचा हेतू विद्यार्थ्यांचे शिक्षण, दुसऱ्याचा रुग्णाचा उपचार. नेत्रदानाचा अपवाद सोडल्यास अवयव काढलेला देह शरीररचना विभाग सामान्यतः स्वीकारीत नाहीत. म्हणजे व्यवहारात ही दोन दाने बहुधा एकमेकांना पर्याय आहेत. तरीही मराठीत ती जोडशब्दासारखी उच्चारली जातात.

आता 'दान' या शब्दाकडे वळू. धर्मशास्त्रात दान म्हणजे एखाद्या वस्तूवरील स्वतःचे स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. गोदान, अन्नदान, भूदान या समासांत पूर्वपद देय वस्तूचे असते, आणि देणारा व देण्याची क्रिया एकाच काळी विद्यमान असतात. रक्तदानातही हीच रचना टिकते. देहदानात मात्र ती मोडते. देय वस्तू आणि देणारा येथे भिन्न नाहीत. शिवाय जेव्हा क्रिया घडावयाची तेव्हा कर्ता उरलेला नसतो. असे असता 'त्यांनी देहदान केले' हे वाक्य अर्ज भरला त्या दिवशीही बोलले जाते आणि प्रेत महाविद्यालयाच्या स्वाधीन झाले त्या दिवशीही. भूतकाळी क्रियापदाने पहिल्याच दिवशी कार्य संपल्याचा भास होतो. सही करणारा निश्चिंत होतो, घरच्यांना सांगायचे राहून जाते, आणि प्रसंग येतो तेव्हा कागद कपाटात व प्रेत स्मशानाच्या वाटेवर अशी स्थिती होते.

कायद्याची भूमिका अगदी निराळी आहे. प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हे, हे इंग्रजी विधिपरंपरेतील जुने तत्त्व आहे. इंग्लंडमधील १८८२ च्या विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या निर्णयानेही मृत्युपत्राने प्रेताची विल्हेवाट लावता येत नाही, हेच सांगितले. ज्यावर मालकीच नाही त्याचे शास्त्रोक्त दान संभवत नाही. म्हणून १९९४ चा कायदा प्रेताच्या मालकाविषयी बोलत नाही. प्रेत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याच्याविषयी बोलतो. येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. घाटी रुग्णालयाच्या आवारात जालना, बीड, परभणीकडून आलेली माणसे 'मयत ताब्यात घेतले' असेच बोलतात. मालकी निराळी आणि ताबा निराळा, हे सातबाराच्या उताऱ्याशी ज्याचा जन्मभर संबंध आला त्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. प्रचारपत्रकांतील संस्कृत समासापेक्षा रुग्णालयाच्या पायरीवरची ही बोली कायद्याच्या अधिक जवळ आहे.

'दाता' या शब्दाचीही अशीच गत. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दाता म्हणजे अठरा वर्षांहून कमी वय नसलेली आणि स्वतः, स्वेच्छेने, अवयव काढण्याचा अधिकार देणारी व्यक्ती. कलम ३ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार असा लेखी अधिकार दिलेला असेल, तर प्रेत ताब्यात असणाऱ्याने वैद्यकास सर्व सोयी उपलब्ध करून द्याव्यात. मृताने तो अधिकार पुढे मागे घेतला असे मानण्यास कारण असेल तरच अपवाद. परंतु मृताने काहीच लिहून ठेवले नसेल व हरकतही नोंदविली नसेल, तर तिसऱ्या पोटकलमानुसार ताबेदार स्वतः अधिकार देऊ शकतो. मात्र एखाद्या निकट आप्ताची हरकत आहे असे मानण्यास त्याला कारण असता कामा नये. या प्रकारात व्याख्येनुसार मृत व्यक्ती दाता ठरत नाही, आणि संमती देणारा आप्तही ठरत नाही. अवयव दिले जातात, पण दाता कोणीच नसतो! २०१४ च्या नियमांत नमुना ७ व्यक्तीने स्वतः हयातीत भरावयाचा आणि नमुना ८ मृत्यूनंतर आप्ताने वा ताबेदाराने. रुग्णालये प्रत्यक्षात दुसऱ्या सहीवाचून पुढे जात नाहीत. म्हणजे कलमातील आज्ञार्थ व्यवहारात विनंतिवजा होऊन बसला आहे.

'निकट आप्त' ही कोटीही विचारणीय आहे. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीपासून आजोबा, आजी, नातू, नात : एवढीच ही यादी. मराठी नात्यांच्या व्यवस्थेत सून, जावई, चुलता, पुतण्या, भाचा, मेहुणा यांना स्वतंत्र नावे आहेत आणि मर्तिकाच्या प्रसंगी स्वतंत्र कामेही. सासूची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी सून बोलीत 'घरचीच', पण या यादीत नाही. दोन साक्षीदारांपैकी किमान एक निकट आप्त असावा लागतो. तेव्हा सून आणि शेजारी यांच्या सह्या घेतल्यास कलमातील अट पुरी होत नाही. 'जवळचे नातेवाईक' असे सैल भाषांतर केल्याने हा दोष झाकला जातो आणि मृताची इच्छा एका तांत्रिक उणिवेत अडकते.

सर्वांत गंभीर गोंधळ मृत्यूच्याच शब्दांत आहे. कायद्याच्या दृष्टीने मृत व्यक्ती एकाच प्रकारची. मृत्यूची खूण मात्र दोहोंपैकी कोणतीही, हृदय व श्वसन कायमचे थांबणे किंवा मस्तिष्कस्तंभाचे सर्व कार्य कायमचे बंद पडणे. दुसऱ्या प्रकारात चार वैद्यकांच्या मंडळाने प्रमाणित करावे लागते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. वृत्तपत्रे मात्र 'मेंदूमृत रुग्ण' असे लिहितात. विशेषण मृत, विशेष्य जिवंत! मराठीतील मरणवाचक प्रयोग श्वासाशी बांधलेले आहेत : प्राण गेला, शेवटचा श्वास घेतला. यंत्राने छाती हलत असताना या भाषेत वाढलेल्या आप्ताला 'मेंदू मेला आहे' हे वाक्य 'माणूस अजून आहे' असेच ऐकू येते. त्याची नकारघंटा नेहमी अज्ञानातून येत नाही. पुष्कळदा ती त्याच्या हाती दिलेल्या शब्दांतूनच येते.

'बेवारस' हा शब्द फारसी उपसर्ग व अरबी नाम यांनी बनला असून त्याचा अर्थ वारस नसलेला. कायद्याची कसोटी वारसाची नाही, दाव्याची आहे. रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू झाला आणि अठ्ठेचाळीस तासांत निकट आप्ताने हक्क सांगितला नाही, तर १९९४ च्या कायद्यानुसार तेथील प्रभारी व्यक्ती अवयव काढण्यास अधिकार देऊ शकते. दूरच्या कारखान्यावर ऊसतोडीस गेलेल्या मजुराला मुले असतात, भाऊ असतात. बातमी मात्र पोचलेली नसते. त्याला बेवारस म्हणणे असत्य तर आहेच, शिवाय त्यामुळे शोध घेण्याची जबाबदारीही हलकी होते. 'दावा न झालेले प्रेत' हा शब्दप्रयोग लांब असला तरी खरा आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, 'दान' या शब्दामागे दधीचीच्या कथेपासूनचे पुण्यबळ उभे आहे. तो काढून टाकल्यास चळवळीचा प्राणच जाईल. आक्षेप योग्य आहे, आणि तो शब्द टाकावा असे कोणी म्हणणारही नाही. मात्र अर्ज भरणे हा 'संकल्प', आप्तांनी मान्यता देणे ही 'संमती', आणि देह वा अवयव प्रत्यक्ष स्वाधीन होणे हे 'दान', अशी तीन पायऱ्यांची तीन नावे काटेकोरपणे पाळली, तर पुण्यबळ राहून भ्रम जाईल. संकल्प करणाऱ्यास तो अपुरा असल्याचे त्या शब्दातूनच कळेल, आणि ज्यांच्या संमतीवाचून तो पुरा होणार नाही त्यांच्याशी हयातीतच बोलण्याची गरज त्याला भासेल. अर्जांचे मराठी नमुने तयार करणाऱ्यांनी आणि विद्यापीठांतील भाषाविभागांनी या कामी एकत्र बसणे इष्ट आहे.