ब्लॉग आणि विकी : लेखकत्वाचा प्रश्न

ब्लॉग आणि विकी या दोन्ही लेखनप्रकारांची गणना आपल्याकडे 'इंटरनेटवरील मजकूर' या एकाच सदरात केली जाते. त्यांत भेद केलाच, तर तो तंत्राचा मानला जातो. वस्तुतः हा भेद लेखकत्वाच्या कल्पनेचा आहे.

'वेबलॉग' ही संज्ञा जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये योजली. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने तिची 'वी ब्लॉग' अशी फोड केली आणि 'ब्लॉग' हा शब्द रूढ झाला. प्रत्येक नोंदीवर दिनांक, ताजी नोंद वर, जुनी खाली आणि या सर्वांमागे बहुधा एकच 'मी', असे त्याचे रूप आहे. रोजनिशीला वाचक अभिप्रेत नसतो. वृत्तपत्रीय स्तंभाला संपादक असतो. ब्लॉगला वाचक आहे, संपादक नाही. त्याचे बळ आणि त्याची सैलता दोन्ही येथूनच येतात.

विकीचे कूळ निराळे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रोग्रॅमर मंडळींसाठी 'विकीविकीवेब' सुरू केले. हवाईयन भाषेत 'विकी' म्हणजे जलद. वाचणाऱ्यालाच पान बदलण्याची मुभा, ही त्यामागील मूळ कल्पना. २००१ मध्ये विकिपीडिया आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया अवतरला. येथे 'मी'ला स्थान नाही; स्वतःचे नवे संशोधन मांडणेही नियमबाह्य आहे. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, विकिपीडियातील लेखाखाली नसते.

यावरून नाव तेथे उत्तरदायित्व, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो टिकत नाही. ब्लॉगलेखक जुनी नोंद मागाहून बदलू शकतो, आणि वाचकाला त्याचा मागमूस लागेलच असे नाही. विकिपीडियात मात्र कोणता शब्द कोणत्या खात्यावरून केव्हा बदलला, हे लेखाच्या 'इतिहासा'त सामान्यतः पाहता येते.

मराठीच्या अध्यापकांना हा प्रश्न अपरिचित नसावा. ज्ञानेश्वरीत नकलकारांच्या हातून पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ती संहिताही अनेक हातांतून गेली होती. कोणत्या हाताने काय केले, याची नोंद तेवढी नव्हती. विकीने नेमकी ती उणीव भरून काढली आहे.

अर्थात, बदल नोंदला गेला म्हणजे तो योग्य ठरला असे नव्हे. खात्याच्या नावामागील व्यक्तीची विद्वत्ता इतिहासात दिसत नाही, आणि जे कोणी लिहिलेच नाही त्याचे कारणही तेथे सापडत नाही. ब्लॉगमध्ये लेखकाचा पूर्वग्रह निदान उघड असतो. विकीत तो तटस्थ भाषेच्या आड राहू शकतो.

म्हणूनच ब्लॉगचा हवाला लेखकाच्या नावाने व नोंदीच्या दिनांकाने, तर विकीचा विशिष्ट आवृत्तीने दिला पाहिजे. विकिपीडियावरील प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र, कायमस्वरूपी दुवा असतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मात्र 'विकिपीडिया' एवढाच उल्लेख आढळतो, आणि तो मार्गदर्शकांच्या नजरेखालून गेलेला असतो.