सिद्धगडाखाली ‘फूड डेझर्ट’ची पट्टी चालेल का?

आज एका गाजलेल्या पेपरविषयी. पेपर अमेरिकेतला आहे, पण त्याचा निष्कर्ष मुरबाड-शहापूरला लावायचा झाला तर कुठे अडतं, ते पाहू या.

आधी शब्द समजून घेऊ. ‘फूड डेझर्ट’ म्हणजे अन्नाचं वाळवंट. वस्ती गरीब, आणि ताजी भाजी-फळं विकणारं मोठं दुकान लांब. किती लांब? अमेरिकी कृषी खात्याची नेहमीची पट्टी शहरात १ मैल आणि ग्रामीण भागात १० मैल, म्हणजे साधारण १६ किलोमीटर. मग उपायही सरळच निघतो: दुकान जवळ आणा.

२०१९ साली हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये हाच उपाय तपासला. हजारो कुटुंबं घरी आणलेल्या मालाचे बारकोड स्कॅन करतात, तो डेटा त्यांनी घेतला. जवळ नवं सुपरमार्केट उघडल्यावर घरात येणारा माल किती सुधारला? फारच थोडा. कारण लोक आधीही लांबच्या सुपरमार्केटलाच जात होते, बहुतेक जण गाडीने. पुढे त्यांनी हिशेब मांडला. गरीब घरांना श्रीमंत घरांसारखाच माल त्याच किमतीत मिळाला, तरी दोघांच्या आहारातली दरी साधारण १० टक्केच कमी होईल. उरलेले ९० टक्के ‘मागणी’तल्या फरकाचे.

काम चोख आहे. दुकान उघडलं की पोषण आपोआप सुधारतं, ही समजूत त्याने खोडली. माझा आक्षेप ‘मागणी’ या शब्दाच्या वापरावर आहे. शिक्षण आणि पोषणाची माहिती यांनी या मागणीचा काही भाग उलगडतो, असं लेखक दाखवतात. पण घाईतला वाचक मात्र एकच वाक्य घेऊन जातो: गरिबांना भाजी नकोच असते.

सिद्धगडाच्या परिसरात हे वाक्य टिकत नाही. पहिल्या पावसात शेवळं निघतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली. ठाकूर-कातकरी बाया त्यासाठी रान तुडवतात, घरी शिजवतात आणि वाटे करून कल्याण-ठाण्याला विकायलाही नेतात. यातल्या एकाही वाट्यावर बारकोड नसतो. बारकोडच्या डेटावर उभी राहिलेली पद्धत इथे जशीच्या तशी आणली, तर आहारातला सगळ्यात ताजा भागच हिशेबातून गळेल. गंमत म्हणजे ज्या भागाला आपण वाळवंट म्हणू, तोच शहराला भाजी पुरवतो. भात निघाल्यावर जिथे पाणी आहे तिथे भेंडी, काकडी, कारली लागतात आणि टेम्पोने बाजार समितीकडे जातात.

मग कमी काय पडतं? माझ्या मते, अंतरापेक्षा हंगाम आणि हातातली रोकड. नारिवलीकडून सिद्धगडाच्या माचीवर जाणारी वाट पायवाट आहे, तेव्हा अंतराचा त्रास खराच. म्हसा किंवा मुरबाडच्या बाजाराला जायचं तर दिवस मोडतो. पण रस्त्यालगतच्या पाड्यातही दुकान असून भाजी नसते. कांदे, बटाटे, सुकट, बिस्किटं असतात. दुकानदाराचं गणित साधं आहे: पालेभाजी दुसऱ्या दिवशी कुजते, बिस्किटाचा पुडा महिनाभर टिकतो, आणि गिऱ्हाइकाकडे रोख कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. तिथे आठवड्याच्या खर्चीत जे बसेल तेच ताटात. रेशनवर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने धान्य मिळतं. भाजीचा त्यात हक्क नाही.

ही गोष्ट या मातीतल्या एका माणसाने फार आधी ओळखली होती. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झालेले भाई कोतवाल आपल्याला क्रांतिकारक म्हणून आठवतात. पण त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. घरातलं भात संपलं की सावकाराचं दार, हे चक्र तोडायला. गावात भात पिकतच होतं. अडचण होती ती नव्या पिकापर्यंतचे महिने काढण्याची. आजच्या भाषेत सांगायचं तर कोतवालांनी उपलब्धता किलोमीटरमध्ये नाही, महिन्यांमध्ये मोजली.

याच पट्टीने आजच्या योजनाही तपासायला हव्यात. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू झाली. अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण, त्यात डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं. इथे बाईला दुकानही शोधावं लागत नाही आणि रोकडही. भाजी जवळच्याच शेतकऱ्याकडून घेतली तर टेम्पोत जाणाऱ्या मालातला थोडा गावातच राहील. पण तपासायचं ते हे: पैसे वेळेवर येतात का, आणि भट्टीवर गेलेल्या बाईला हे ताट मिळतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पाड्यात अंगणवाडी असूनही तिच्यासाठी ती नसल्यासारखीच.

तेव्हा कुणी सिद्धगड परिसरासाठी ‘ताज्या भाजीचं केंद्र’ मंजूर करून आणलं, तर विरोध करू नका. फक्त विचारा: मार्च ते मे तिथे काय विकलं जाणार, आणि विकत घ्यायला गावात तेव्हा कोण असणार?