झीनत अमान: स्थिर चेहऱ्याचा अभिनय

आपल्या अभिनयसमीक्षेला नाटकाची ओढ फार. रंगभूमीवरून आलेल्या नटीला पहिल्याच चित्रपटात अभिनेत्री म्हणतात. जाहिरातीतून आलेलीची मात्र दहा चित्रपटांनंतरही ‘दिसायला छान’ म्हणून बोळवण होते. या मापाने झीनत अमानवर मोठा अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचगणीचा तिच्यावर हक्क आहे. १८९५ साली सुरू झालेल्या तिथल्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटमध्ये ती शिकली. पुढे काजोलही त्याच शाळेत होती. वडील अमानुल्ला खान हे ‘मुघल-ए-आझम’च्या लेखकांपैकी एक. ती लॉस एंजेलिसला शिकायला गेली, परतून ‘फेमिना’त काम केले, मग मॉडेलिंग. ताजमहाल चहाच्या जाहिरातीतला चेहरा तिचाच. १९७० मध्ये तिने मिस एशिया पॅसिफिक हा किताब जिंकला. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, तेव्हा आधी नटी आणि मग जाहिरात असा क्रम होता. झीनतने तो उलटा केला.

‘हलचल’ आणि ‘हंगामा’ चालले नाहीत. देव आनंदच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ने (१९७१) तिला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला. ‘दम मारो दम’ पुन्हा नीट पाहावे. आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा, आणि त्या आवाजात केवढी धग! गाण्याचा प्रत्येक शब्द चेहऱ्यावर उमटवून दाखवायची तेव्हा रीत होती. झीनत तसे काही करत नाही. अर्धवट मिटलेले डोळे, सैल मान. गाणे ती अंगावरून वाहू देते. घरातून तुटलेली, कुणाचेच काही वाटेनासे झालेली जसबीर त्या स्वस्थपणातूनच कळते. कॅमेऱ्यासमोर काय करायचे नाही, हे तिला ठाऊक होते आणि ते मॉडेलिंगने शिकवले होते.

पुढची काही वर्षे भूमिकाही धीट मिळाल्या. ‘रोटी कपडा और मकान’मध्ये बेकार प्रियकराला सोडून श्रीमंताकडे जाणारी शीतल तिने केली, आणि त्या बाईसाठी प्रेक्षकांकडे दयेची याचना केली नाही. ‘डॉन’मधली रोमा भावाचा सूड घ्यायला निघते खरी, पण उत्तरार्धात पटकथाच तिला बाजूला सारते.

‘सत्यम शिवम सुंदरम’ (१९७८) मात्र मला आजही खटकतो. राज कपूरने तिचा अर्धा चेहरा भाजलेला दाखवला, रूपापलीकडे पाहा असे बजावले, आणि कॅमेरा सारखा तिच्या देहावर ठेवला. रूपा या खेडवळ नायिकेची बोली झीनतच्या तोंडी बसत नाही, हेही खरे. पण तिच्याकडच्या गोष्टींपैकी नजर सोडून सगळे वापरणारा तो चित्रपट आहे.

‘इन्साफ का तराजू’ही (१९८०) त्या दोषातून सुटलेला नाही, बलात्काराचा प्रसंग बी. आर. चोप्रांनी नको तितका लांबवला आहे. तरी न्यायालयातले प्रसंग पाहायलाच हवेत. झीनतची भारती स्वतः सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मॉडेल, आणि तिचा तो व्यवसायच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो. आरोपीचे वकील आहेत डॉ. श्रीराम लागू. साताऱ्यात जन्मलेले, झीनतला किताब मिळाला त्याच १९७० साली ‘नटसम्राट’ नाटकातले अप्पासाहेब बेलवलकर उभे केलेले. उलटतपासणीत शब्द कुठे दाबायचा, कुठे थांबायचे, यावर त्यांची विलक्षण हुकमत. समोर झीनत. ती आवाजाच्या वाटेला जात नाही. अपमान आत जिरवत, चेहरा ताठ ठेवून उत्तरे देते. तिने त्यांच्या पद्धतीने बोलायचा प्रयत्न केला असता तर त्या प्रसंगात ती उरलीच नसती. इथे लागूंचा प्रत्येक प्रश्न आपल्याला तिच्या चेहऱ्याकडे बघायला लावतो, आणि प्रसंग ती जिंकते.