स्टीव्हन्सनची उमेदवारी

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८६७ सालीं एडिंबरो विद्यापीठांत एंजिनियरिंग शिकण्यास गेला व पुढें कायद्याकडे वळला. परंतु लेखनाचें शिक्षण त्यानें स्वतःच स्वतःस दिलें. त्याच्या खिशांत एक पुस्तक वाचावयास व एक वही लिहावयास असे. हॅझलिट, लॅम यांच्या शैलीचें अनुकरण करावयाचें, तें फसलें कीं पुन्हा करावयाचें, हा क्रम त्यानें 'मेमरीज अँड पोर्ट्रेट्स' (१८८७) या पुस्तकांत वर्णिला आहे.

अनुकरणानें लेखक घडतो, हा त्याचा सिद्धांत आम्हांस अर्धाच पटतो. अनुकरण पुष्कळ करितात. तें फसल्याचें ओळखणारे विरळा! गुरूवांचून शिकणाऱ्यास स्वतःचा परीक्षक व्हावें लागतें. लेखक म्हणून मिरविण्यापेक्षां लिहितां येण्याची त्यास ओढ होती. आमच्या कॉलेजांतील होतकरूंनीं उचलावयाचें तें हेंच.