वैद्यकीय परिभाषेतील उपसर्ग व प्रत्यय : एका अध्ययनपद्धतीचे परीक्षण

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शास्त्रीय नावे पाठ न करता फोडून शिकावीत, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. पद्धत मुळात रास्त आहे. ‘पेरी’ म्हणजे सभोवार, ‘कार्डि’ म्हणजे हृदय, ‘आयटिस’ म्हणजे दाह, एवढे ठाऊक असले की ‘पेरिकार्डायटिस’ हा शब्द प्रथमच पाहणाऱ्यालाही त्याचा अर्थ लावता येतो. प्रश्न आहे तो ही फोड मराठी विद्यार्थ्याला कोणत्या वाटेने शिकविली जाते, याचा. जुईनगर हे नाव ऐकताच मराठी माणूस त्यात जुई आणि नगर हे दोन शब्द ओळखतो. पुढच्याच स्थानकाच्या, नेरूळच्या, नावाची तशी फोड त्याला करता येत नाही. नेरूळला वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठी शाळेतून अशा महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रीक नावे नेरूळच्या जातीची वाटतात. त्यांतील पुष्कळशी जुईनगरच्या जातीची आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही.

या विषयावरील प्रचलित पुस्तके ग्रीक व लॅटिन घटकांचे अर्थ इंग्रजीतून देतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः ‘पेरी’ आणि ‘परि’ हे एकाच मूळ भारत-युरोपीय शब्दाचे वंशज होत. ‘अन्’ हा नकारार्थी उपसर्ग दोहोंकडे जवळजवळ जसाच्या तसा आहे. ‘डिस्’ म्हणजे आपला ‘दुस्’. ‘हेमि’ म्हणजे संस्कृतातील ‘सामि’. ‘ऑस्टिऑन’ आणि अस्थि, ‘ओडोन्ट’ आणि दन्त, इतकेच काय, ‘हेपार’ आणि यकृत् हीदेखील सगोत्र आहेत. संस्कृत व ग्रीक यांचे नाते सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास १७८६ मध्ये सांगितले. ते तौलनिक भाषाशास्त्राच्या वर्गात शिकविले जाते आणि जेथे त्याचा रोकडा उपयोग आहे तेथे पोहोचत नाही, ही विद्याशाखांच्या तुटकपणाची चांगली साक्ष आहे.

अर्थात नाते म्हणजे अर्थाची हमी नव्हे. ‘हायपर’ व ‘उपरि’ यांचे अर्थ जुळतात. परंतु ‘हायपो’चा सगोत्र ‘उप’ मराठीत उपनगर, उपाध्यक्ष अशा शब्दांत जवळचा किंवा दुय्यम या अर्थाने स्थिरावला आहे, उणेपणा त्यात नाही. ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. त्याचा संस्कृत भाऊ ‘अन्ति’ म्हणजे जवळ.

फोडीवर विसंबण्यातील खरा धोका मात्र याहून खोल आहे. शब्दाचे मूळ हे त्याच्या जन्मकाळच्या समजुतीचे अवशेष असते. ‘आयटिस’ हा मुळात केवळ संबंधदर्शक स्त्रीलिंगी प्रत्यय; ‘रोग’ या अर्थाचे ग्रीक नाम त्यापुढे अध्याहृत असे. ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे फक्त सांध्याचा रोग. दाह हा अर्थ त्यास पुष्कळ नंतर चिकटला. ‘आर्टरी’ या शब्दामागे ती नलिका वायू वाहते अशी प्राचीनांची कल्पना होती. आणि नवल असे की आपल्याकडील ‘धमनी’ शब्दही फुंकणे या अर्थाच्या धातूपासूनच आला आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ या जोडीने वायू टाळून रंग स्वीकारला, पण फुप्फुस-रोहिणीतून अशुद्ध, काळसर रक्त वाहते, तेथे तांबडेपणाची फोड विद्यार्थ्याची फसगत करते. ‘अॅनिमिया’चा शब्दशः अर्थ रक्ताचा अभाव; त्यामानाने आपला ‘रक्तक्षय’ वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

हीच पद्धत शब्द शिकण्याऐवजी शब्द घडविण्यासाठी वापरली की काय होते, याचे मोठे उदाहरण डॉ. रघुवीर यांचे. नागपुरात राहून त्यांनी परिभाषेचे जे काम उभारले, त्याचा विस्तृत इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये निघाला. सुमारे पाचशे धातू, वीस उपसर्ग, ऐंशी प्रत्यय. गुणाकार आठ लाखांवर जातो. त्यांच्या व्यासंगाबद्दल आदरच वाटावा. परंतु भाषा गुणाकाराने वाढत नाही. ‘संधिवात’ हा शब्द वातदोषाची जुनी उपपत्ती पोटात घेऊनही घराघरांत नांदतो. निर्दोष ‘संधिशोथ’ कोशातच राहतो.

याच्या उलट टोकाला २०२२ साली भोपाळ येथे प्रकाशित झालेली हिंदी वैद्यकीय पाठ्यपुस्तके आहेत. त्यांत इंग्रजी संज्ञा बहुतांशी देवनागरीत उतरविल्या आहेत. सोय झाली खरी, पण मराठीने हाच मार्ग धरला तर काय हरवेल तेही पाहावे. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कटीचे हाड यांची इंग्रजी नावे रोमन लिपीत एका अक्षराने तरी वेगळी राहतात. देवनागरीत दोन्ही ‘इलियम’. शेषांत्र आणि श्रोणिफलक हे शब्द जड आहेत, पण त्यांचा घोटाळा होत नाही. तसेच ‘हायपोग्लायसेमिया’ व ‘हायपरग्लायसेमिया’. एकात रुग्णाला साखर द्यावयाची, दुसऱ्यात बहुधा इन्सुलिन. रात्रपाळीच्या परिचारिकेला यांपैकी एक शब्द दूरध्वनीवरून, गोंगाटात ऐकावयाचा असतो. ‘न्यून’ आणि ‘अति’ हे उपसर्गस्थानी येणारे शब्द तेथे एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत.