व्हॉल्यूमचे 'सुरक्षित' विलोपन : एका संकल्पनेची चिकित्सा
(जालना औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात)

मोठ्या उद्योगसंस्थांच्या मध्यवर्ती स्टोरेज यंत्रणेत अनेक डिस्कची एकत्रित जागा 'व्हॉल्यूम' नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत विभागलेली असते. निरुपयोगी व्हॉल्यूम काढून टाकण्याची रूढ कार्यपद्धती सर्वपरिचित आहे. सर्व्हरशी असलेली जोडणी तपासावी, काही काळ वाचन-लेखन झालेले नाही याची खात्री करावी, व्हॉल्यूम ऑफलाइन करून कोणाची तक्रार येते का ते पाहावे आणि मगच तो काढावा. हा क्रम तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि 'निरुपयोगी' कशास म्हणावे, हा मूळ प्रश्न त्यात यंत्राच्या मोजमापावर सोपविला जातो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नेमका येथेच आहे.

जालन्याची औद्योगिक ओळख पोलाद आणि बियाणे यांमुळे झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिकोची स्थापना केली. बियाणे संशोधनात खरिपातील चाचणीच्या नोंदी हंगामात होतात. पुढे कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. नव्वद दिवसांची कसोटी लावून एप्रिलमध्ये पाहणी केली, तर असा व्हॉल्यूम मृतच ठरेल. परंतु वाणाची पिढीगणिक निवड याच जुन्या नोंदींवर उभी असते. डिस्क पुन्हा विकत घेता येते, हंगाम नाही. २०१२ सारख्या दुष्काळी वर्षातील चाचणी तर ठरवूनही पुन्हा घेता येणार नाही.

पोलाद उद्योगाची स्थिती फारशी वेगळी नाही. सळईच्या प्रत्येक हीटचा तपासणी अहवाल माल विकला गेल्यावर क्वचितच उघडला जातो. पण ती सळई इमारतीत अनेक दशके राहते. हिशेबाची पुस्तके तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. (भट्टीत गेलेले भंगार परत येत नाही, हे मिलमधील कामगारास सांगावे लागत नाही, संगणक-कक्षात मात्र ते सांगावे लागते.)

यावर 'पुनर्प्राप्तीची सोय आहे' असे उत्तर दिले जाते. नेटॲपच्या ऑनटॅप प्रणालीत मूळ मांडणीनुसार काढलेला व्हॉल्यूम १२ तास, तर प्युअर स्टोरेजच्या फ्लॅशअरेमध्ये २४ तास परत मिळू शकतो. ही सोय हाताच्या चुकीवर उपाय आहे, निर्णयाच्या चुकीवर नव्हे. शिवाय ऑनटॅपमध्ये व्हॉल्यूमबरोबर त्यातील स्नॅपशॉटही जातात. त्यांना बॅकअप समजणे हा भ्रम होय.

सर्वच माहिती कायम ठेवावी, असा याचा अर्थ नाही. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाची दिशा नेमकी उलट, म्हणजे हेतू संपताच ती पुसण्याची आहे. म्हणूनच व्हॉल्यूम निर्माण करतानाच त्याचा धारक विभाग, जतनाची मुदत आणि ती कोणत्या आधारे ठरली हे नोंदविले जावे. विलोपनाच्या अर्जावर प्रशासकाच्या सहीआधी संशोधकाची अथवा लेखापालाची सही असावी.