हेन्रिएटेच्या डोलकाठ्या

ज्यूल व्हर्न हा मुलांचा लेखक, असें म्हणून त्याचीं पुस्तकें धाकट्यांच्या कपाटांत लोटून देण्याची चाल सुशिक्षित घरांतून आहे. हा न्याय कितपत यथार्थ आहे, याची परीक्षा त्याच्या एका जहाजावरून करून पाहूं. १८७२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा’ या कादंबरीच्या अखेरीस येणारें हेन्रिएटा हें तें जहाज.

त्याचा सांगाडा लोखंडी, वरचें बांधकाम लांकडी. पाण्याखालीं मळसूत्री पंखा, तो फिरविण्यास वाफेचें यंत्र आणि जोडीला शिडें. वारा अनुकूल असला म्हणजे दोन्ही शक्तींची बेरीज होते. १२ डिसेंबरला न्यूयॉर्क सोडून सुमारें ३,००० मैलांवरील लिव्हरपूल २१ तारखेस गांठणें फिलिअस फॉगला भाग आहे. परंतु लवकरच वारा फिरतो, शिडें उतरवावीं लागतात आणि सारा भार एकट्या वाफेवर पडतो. कोळसा मात्र बेताच्या वेगानें बोर्दोला जाण्यापुरताच भरलेला! येथें लेखक कोणताही चमत्कार घडवून आणीत नाहीं. फॉग ६०,००० डॉलरांस जहाज विकत घेतो आणि त्याचेंच लांकूड भट्टींत घालूं लागतो. आधीं खोल्या, मग डोलकाठ्या, शेवटीं कठडे आणि बहुतेक डेक.

ज्या डोलकाठ्यांनीं वारा धरावयाचा, त्याच वाफेच्या पोटांत जातात. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यावर शिडांचें राज्य अधिकच लवकर मावळूं लागलें. तें युगांतर येथें एका भट्टीच्या उजेडांत दिसतें, आणि लेखक त्यावर प्रवचन झोडीत नाहीं.

दोषही आहे. खलाशांना पैसे चारून, कप्तानास कोंडून जहाज बळकावण्याचें कृत्य लेखक नोटांच्या पुडक्याखालीं झांकून टाकतो. कप्तानाचा संताप पैसे पाहतांच विरतो, आणि आपण हंसावें अशी अपेक्षा असते. हंसूं येतें, पण मागाहून मन खात राहतें.

कथानकाची अपरिहार्यता शिकवितांना मी आजवर शोकांतिकांचे दाखले देत आलों. यापुढें या कोळशाच्या हिशेबाचाही देईन. वेळेवर पोंचण्यासाठीं माणसानें आपलें जहाज किती जाळावें, हा प्रश्न कांहीं धाकट्यांच्या कपाटांतला नव्हे.